पुढच्या ब्रेकची तार

इंदूताई सबनीस आठवल्या की आधी त्यांची बोटं आठवतात. चेहरा मागाहून येतो. लांबसडक, सावळी, शेंड्यांना सुईच्या टोचण्यांनी खरबरीत झालेली बोटं. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरत, जणू त्यांच्यामध्ये एखादा न दिसणारा दोरा आहे आणि त्यातली गाठ अजून सापडायची आहे.

साठ-सत्तरच्या दरम्यानची ती वर्षं. लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा सगरामपुऱ्यातल्या आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, मराठी घरं दोनच होती, आमचं आणि त्यांचं. बाकी सारी शेरी जरीच्या कारागिरांची. दारोदार चांदीची तार ओढली जात असे. तापल्या धातूचा, कोळशाचा आणि तेलाचा मिळून एक वास तिथल्या हवेला होता, आणि ऊन तिरपं झालं की ओट्यांवरच्या फिरक्या अशा लखलखत की मान वळवून चालावं लागे. कवितेवर पोसलेल्या मला त्या लखलखाटाची भूल पडली होती. इंदूताईंना ती कधीच पडली नाही. त्या मूळच्या मिरजेच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. यजमान विषमज्वरानं गेले तेव्हा मुलगा मुकुंद कडेवर होता. याहून अधिक त्यांनी स्वतःबद्दल कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पहिल्या भेटीत मी त्यांना माझं नवं पोलकं कौतुकानं दाखवलं. गळ्याभोवती मोराची पिसं भरली होती. त्यांनी पिसांकडे पाहिलंच नाही. पोलकं उलटं केलं, डोळे मिटले आणि खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"देखणं आहे," त्या म्हणाल्या. "पण पहिल्यांदा हात वर कराल तेव्हा इथे फाटेल. उसवू?"

मी हो म्हणेपर्यंत अर्धी शिवण उसवून झाली होती. ओठांत टाचण्या धरून, त्यांच्या फटीतून त्या पुटपुटल्या, "डोळे फितूर होतात हो. कुणी जरा नटून समोर आलं की गेले त्याच्या बाजूला. बोटं तशी फितत नाहीत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की शेरीतली गुजराती मुलंही त्यांच्या पाठीमागे ते म्हणून दाखवू लागली.

सुरतेत पाहुण्याचा मान म्हणजे झोपाळा. घरात गेलं की यजमान आधी त्यावर बसवतात. इंदूताई मात्र कुणाच्याही झोपाळ्यावर सहजी टेकल्या नाहीत. आधी हात वर करून कडीत बोट घालायचं, जिथे लोखंड लोखंडावर घासून झिजतं ती जागा चाचपायची, चारी साखळ्यांची तशीच विचारपूस करायची, मग पदर सावरून बसायचं. एकदा मला बरोबर घेऊन त्या एका बड्या वकिलांकडे गेल्या होत्या. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला.

"बेन, आ हिंचको तो मारा दादाना वखतनो छे," ते जरा ताठ्यानं म्हणाले. आजोबांच्या काळातला झोपाळा!

"म्हणूनच बघतेय," इंदूताई शांतपणे म्हणाल्या आणि चौथ्या कडीकडे वळल्या.

त्यांच्या या सवयीनं न दुखावणारा माणूस शेरीत एकच होता, समोरचे छगनभाई. जरीची तार ओढण्यात त्यांच्या घराण्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इंदूताई दर भाऊबीजेला त्यांना ओवाळत, आणि यजमान गेल्यावर मुकुंदाला खांद्यावर घेऊन तापीकाठी फिरवून आणणारे छगनभाईच. ते आमच्याशी मराठी बोलत, पण ती त्यांच्या तोंडून बाहेर येईपर्यंत अर्धी गुजराती झालेली असे.

मुकुंद मोठा झाला, नोकरीला लागला, आणि त्यानं नानपुऱ्यातल्या एका पारशी गृहस्थांकडून जुनी इंग्रजी मोटारसायकल विकत आणली. रस्त्यावर नेहमी दिसणाऱ्या गाड्यांसारखी ती नव्हती. हँडल खाली वाकलेलं, बसणाऱ्याला टाकीवर जवळजवळ झोपावं लागे, शर्यतीसाठीच घडवलेली. ती सुरू झाली की आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणत. दसऱ्यानंतरच्या रविवारी गावातल्या काही तरुणांनी डुमसच्या बाजूला शर्यत ठरवली. सरळ सडकेवरून भरधाव जायचं, खाडीच्या तोंडाशी ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पिंपाच्या पलीकडे सडक नव्हती. बांध होता, आणि बांधाखाली दगड आणि चिखल.

मुकुंदानं हे आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, वाटीभर विरजण मागायला गेलेली.

"तू नको म्हण, आई. मी नाही जाणार."

इंदूताईंच्या हातातलं काजं अर्धं राहिलं. "मी नको म्हटलं तर तू जाशीलच. फक्त मला सांगणार नाहीस." त्यांनी दोरा दातानं तोडला. "जा. पण ब्रेकची तार मी निवडीन."

तार बदलणं भागच होतं, आणि तेही इंदूताईंच्याच लक्षात आलं होतं. मोटारसायकल पुसताना त्यांचं फडकं पुढच्या ब्रेकच्या तारेला अडकलं. त्यांनी तेच फडकं पुन्हा हलक्या हातानं तिथून नेलं. पुन्हा त्याच जागी सुताचा एक तंतू ओढला गेला. पिळातले दोन बारीक तंतू तुटून उभे राहिले होते, डोळ्यांना न दिसण्याइतके. त्या गाडीचे सुटे भाग त्या काळी देशात येत नसत. जे मिळेल त्यातून निवडायचं होतं, आणि ती निवड चुकली तर काय होईल हे खाडीच्या तोंडाशी कळणार होतं.

तो आठवडा मला अजून अंगावर आल्यासारखा आठवतो. मुकुंदानं आधी भागळच्या बाजारातून स्कूटरची तार आणली. इंदूताईंनी ती अंगणात बसवायला लावली, मुठीजवळची दांडी स्वतः दाबली आणि मान हलवली.

"दाबतेय मी इथे, आणि दबतंय भलतंच. वरचं वेष्टणच लोण्यासारखं आत जातंय. चाकापर्यंत काही पोचत नाहीये."

"आई, थोडं दबतंच ते."

"थोडं म्हणजे किती? खाडीला विचारून ठेवलंयस का?"

मुंबईहून कुणाकडून तरी दुसरी मागवली. ती जाड होती, कणखर होती. मुकुंद खूश झाला. इंदूताईंनी पुढचं चाक विटांवर उचलून घ्यायला सांगितलं. चाकाला एका बोटानं गती दिली. ते निवांत फिरत राहिलं, आऱ्यांमधून ऊन झिरपत राहिलं. "आता हँडल वळव. पूर्ण." मुकुंदानं हँडल एका बाजूला टेकवलं, आणि फिरतं चाक आपोआप थांबलं. कुणी ब्रेकला हातही लावला नव्हता. तार आखूड होती. वळताना ताणली जाऊन तीच ब्रेक ओढत होती.

अंगणात आम्ही तिघंही त्या थांबलेल्या चाकाकडे पाहत उभे राहिलो. पिंपाला वळसा घालताना हेच झालं असतं. इंदूताई फक्त म्हणाल्या, "काढ."

मग छगनभाई पुढे झाले. "अरे, तार पाहिजे ने? आख्खी जिंदगी हुं काय करतो? आणि भाच्यासाठी तार मुंबईथी?" त्यांनी इंदूताईंच्या शिवणकामाच्या टेपनं लांबी मापून घेतली, तीही हँडल दोन्ही बाजूंना वळवून. मागांचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून पोलादाची पिळाची तार मिळवली. अशा तारेच्या टोकाला वाटाण्याएवढी धातूची घुंडी असते. ब्रेक ओढला की सारा जोर त्या घुंडीच्या मानेवर येतो. छगनभाईंनी ती घुंडी चांदीच्या डाखानं, म्हणजे चांदी वितळवून, जोडली. बाजारात कथलाचा डाख देतात, पण कथलाचं काम त्यांना हलकं वाटे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी लाल फडक्यात गुंडाळून त्यांनी ती तार आणली तेव्हा मी पाहतच राहिले. जोड कुठे आहे ते दिसत नव्हतं. घुंडी मोगऱ्याच्या कळीसारखी उजळ होती.

"पैशाची वात काढायची नाही," ते आधीच म्हणाले. "हे मामाचं आहे."

इंदूताईंनी तारेवरून सुती फडकं नेलं. कुठे अडकलं नाही. लांबी बरोबर, वेष्टण घट्ट. त्या प्रथमच हसल्या. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी बसवायची असं ठरलं.

दसऱ्याच्या सकाळी त्यांच्या घरी पाटावर सारी हत्यारं मांडली होती. शिवणयंत्र, कात्र्या, मुकुंदाचे पाने, पक्कड, आणि मधोमध ती तार. अंगणात मोटारसायकलला झेंडूची माळ. आमच्याकडे पूजेत मांडलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. ते त्याच्या विश्रांतीचं असतं. झेंडूचा कडसर वास, उदबत्ती, ओल्या हळदीचा गारवा. छगनभाई फाफडा-जलेबीचे पुडे घेऊन सहकुटुंब आले होते आणि मोठ्या झोकात उंबऱ्याशी बसले होते.

इंदूताई एकेका हत्याराला हळदकुंकू लावत गेल्या. तारेपाशी आल्या. घुंडीला कुंकू लागावं म्हणून त्यांनी ती बोटाच्या टोकानं जरा दाबली, आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी तार मधोमध वाकवली. सोडताच ती टणकन सरळ झाली. मग घुंडीच्या मानेपाशी वाकवली, अगदी हलके. तिथे ती वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

आरती व्हायची होती. त्यांनी निरांजन लावलं, आरती म्हटली, प्रसाद वाटला. त्यांचा आवाज एकदाही हलला नाही, पण जलेबी माझ्या हातावर ठेवताना त्यांची बोटं बर्फासारखी होती. मग त्या पाटाजवळ परत गेल्या आणि त्यांनी पक्कड उचलली.

"आई!" मुकुंद चपापला. "आज हत्याराला हात लावत नाहीत."

"देवापुढेच आहे ना? मग त्याच्यासमोरच होऊ दे." त्यांनी घुंडी खिडकीच्या लोखंडी गजांमधल्या अरुंद फटीत अडकवली आणि तारेचं दुसरं टोक मुकुंदाच्या हातात दिलं. "ओढ. ब्रेक लावशील तसं. ओढ आणि सोड. ओढ आणि सोड." स्वतः पकडीनं मान किंचित हलवत राहिल्या.

"बेन, हे शूं करता?" छगनभाई उठून उभे राहिले. "चांदीचा डाख आहे तो. तुमची खिडकी निघेल, डाख नाही निघायचा."

त्यांचं खरं होतं. डाख निघाला नाही. पण थोड्या वेळानं एक बारीक आवाज आला, नखावर नख वाजावं तसा. मग आणखी एक. मग तीन-चार एकदम. आणि मुकुंद तारेसकट मागे भिंतीवर आदळला. ती उजळ, निष्कलंक घुंडी गजांमध्ये तशीच अडकून राहिली होती.

छगनभाईंनी जवळ जाऊन तुटलेलं टोक उचललं आणि डोळ्यांजवळ धरलं. चूक माझ्याआधी त्यांना कळली. चांदीची तार ओढत गेलं की ती ताठते, अडेल होते. तिला लाल होईस्तोवर तापवलं की पुन्हा मऊ, शहाणी होते. जन्मभर त्यांनी आणि त्यांच्या बापानं तारेवर ही माया केली होती. तीच त्यांनी पोलादावर केली. चांदीचा डाख वितळायला लागणाऱ्या त्या लाल आचेनं पोलादाची सारी कणखर वृत्ती मानेपाशी विरघळून गेली होती.

"इंदुबेन," ते म्हणाले, "मारुं नाक कापी नाख्युं. तेही दसऱ्याला, पोराबाळांसमोर."

"नाक जागेवर आहे, भाऊ," इंदूताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता हलला. "आणि माझा मुलगाही जागेवर आहे."

छगनभाईंनी पायांत जोडा सरकवला आणि ते निघून गेले. मागोमाग त्यांचं कुटुंबही. पुडे तसेच राहिले. जलेबीचा पाक कागदातून झिरपून फरशीवर उतरत होता.

दुसऱ्या दिवशी समोरचं दार अर्धंच उघडलं. शेरीत कुजबुज होतीच: भावानं दिलेली वस्तू, पूजेत ठेवलेली, आणि ह्या बाईनं ती देवासमोर तोडली. मुकुंद म्हणाला, "राहू दे आई, मी नावच काढून घेतो." इंदूताईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी त्या माझ्या दारात आल्या. "चला माझ्याबरोबर. एकटीला तो माणूस आत घेणार नाही."

छगनभाई भट्टीपाशी पाठमोरे बसले होते. त्यांच्या पत्नीनं झोपाळ्याकडे हात केला. इंदूताईंनी सवयीनं हात वर केला, कडीत बोट घातलं, चाचपलं. दुसरी कडी, तिसरी. मला तिथल्या तिथे अदृश्य व्हावंसं वाटलं. आजच्या दिवशी तरी!

छगनभाईंनी मान वळवली. त्यांच्या मिशा हलल्या.

"एटला वरस झाली," ते पत्नीला म्हणाले, "दर भाऊबीजेला येते, आणि दर भाऊबीजेला माझा हिंचको तपासते. हुं कधी रागावलो?"

"नाही," इंदूताई बसता बसता म्हणाल्या. "आणि कडी एकदा बदलून घ्या. उजवीकडची."

"बोल. काय पाहिजे?"

"तीच तार. तुमच्याच हातची. पण कथलाच्या डाखानं, मंद आचेवर."

"कथील?" त्यांचा चेहरा पुन्हा कडवट झाला. "आमच्या घरात कथलाला कोणी हात नाही लावत, बेन. ते नकली मालवाल्यांचं काम. उद्या कोणी ओट्यावरून बघितलं तर?"

"दार लावून घ्या."

"अने धरेल ते? कथील?"

"मला माहीत नाही," इंदूताई म्हणाल्या. "म्हणून तर दोन करा. एक आपण तोडू."

छगनभाईंनी दार लावून घेतलं. घुंडीच्या वाटीत त्यांनी पिळाचे तंतू फुलाच्या पाकळ्यांसारखे उलगडून बसवले आणि वर कथील सोडलं, पोलादाचा रंगही बदलणार नाही इतक्या मंद आचेवर. पहिली तार आम्ही चौघांनी मिळून ओढली, वाकवली, पुन्हा ओढली. शेवटी खिडकीचा गजच वाकला. इंदूताईंनी ती बाजूला टाकली. इतकी छळलेली तार त्यांना नको होती. दुसरीच्या मानेवर त्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं, वाकवली, सोडली. ती सरळ झाली. त्यांनी पुन्हा वाकवली. पुन्हा. छगनभाई घाम पुसत म्हणाले, "बस कर, बेन. तूच तोडशील."

रविवारी आम्ही सारे डुमसच्या सडकेवर होतो. मिठागरांवरून येणारा खारा वारा, बाभळीच्या झुडपांवर बसलेली धूळ, आणि लांबून येणारा तो गुरगुराट, आधी पायांखाली जाणवणारा आणि मग कानांत येणारा. सगळे लोक सुटण्याच्या रेषेपाशी जमले होते. इंदूताई खाडीच्या तोंडाशी, बांधाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. छगनभाई त्यांच्या शेजारी, मी मागे.

ते आले तेव्हा दोघं पुढे होते. एक अनोळखी मुलगा, आणि त्याच्या चाकाला चाक लावून मुकुंद. पिंपापाशी पहिल्याची गाडी घसरली. ती आडवी होऊन सडकेवरून खरवडत गेली, ठिणग्या उडवत, नेमकी मुकुंदाच्या वाटेत; आणि तो मुलगा तिच्यामागे गडगडत आला. वळायला जागा नव्हती. उजवीकडे तो मुलगा, डावीकडे गाडी, समोर बांध. मुकुंदाच्या उजव्या हाताची बोटं मिटलेली मला दिसली. पुढचं चाक खाली दबलं, मागचं जमिनीवरून किंचित उचललं गेलं, रबराचा करपट वास आला. छगनभाई सारखे एकच म्हणत होते, "धर, धर, धर." मुकुंदाला ते म्हणत नव्हते, तारेला म्हणत होते.

मोटारसायकल पडलेल्या मुलाच्या अलीकडे थांबली. इतकी अलीकडे की त्याला हात पुढे करून चाकाला शिवता आलं असतं. तो उठून बसला, कोपर सोललेलं, डोळे विस्फारलेले. शर्यत कुणी जिंकली ते मला आठवत नाही.

त्याच हिवाळ्यात माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही सुरत सोडली. पुढे इंदूताईंची भेट झाली नाही, त्यामुळे माझ्या मनात त्यांचं जे दर्शन कायम राहिलं ते त्या खाडीवरचंच.

त्या मुकुंदाकडे गेल्या नाहीत. सरळ पुढच्या चाकापाशी गेल्या, खाली बसल्या, आणि चाकाच्या मधोमध असलेल्या ब्रेकच्या डब्यावर त्यांनी उघडा तळवा ठेवला. चर्र झालं असावं. हात झटकन मागे आला.

"आई, भाजलं ना! तापलाय तो!"

"तापलाय. म्हणजे धरलंय," त्या म्हणाल्या. कुणी आनंदाची बातमी सांगावी तसं. उठून, निऱ्या एका हातानं उचलून, त्या बांधाच्या दगडांवरून खाली उतरल्या आणि त्यांनी हात खाडीच्या पाण्यात बुडवला.

"लागलं का, बेन?" छगनभाईंनी वरून विचारलं.

"माझं नका ऐकू," त्यांनी मागे न बघता उत्तर दिलं. "तुम्ही बघा हात लावून."

छगनभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मुकुंदाकडे पाहिलं. मग धोतर सावरत ते वाकले, आणि जन्मभर चांदीवर चाललेला आपला हात त्यांनी त्या काळ्या, तापलेल्या लोखंडावर ठेवला.

"दाझी गयो रे! भाजला हात!"

आणि मी पाहिलं ते एवढंच: गढूळ खाऱ्या पाण्याशी दोन पाठमोरी माणसं, एकमेकांकडे न बघता, शेजारी शेजारी हात बुडवून बसलेली.